लय माणसाची, आकडा यंत्राचा
टेम्पो सिंकच्या अडचणींवरील पुस्तिकेची प्रस्तावना

दसऱ्याच्या आधीचे काही आठवडे नागपुरातल्या लहान स्टुडिओंसाठी फार धावपळीचे असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या जनसमुदायासाठी नवी भीमगीते तयार व्हायची असतात. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होणार असतो, त्यातली गाणी बसवायची असतात. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा महोत्सवही याच सुमारास येतो, आणि खंजिरी भजनाची मंडळे आपापली भजने रेकॉर्ड करून घेतात. ही कामे घरातल्या एखाद्या खोलीत होतात. एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक-दोन माइक, भिंतींना फोम किंवा गाद्या. रेकॉर्डिंग करणारा, वाद्यमेळ बसवणारा आणि मिक्सिंग करणारा माणूस बहुधा एकच. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे.

त्याच्याकडून काही तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. गायकाने ओळ संपवली की शेवटच्या शब्दाचा इको ढोलकीच्या थापेवर यायला हवा, पण तो दोन थापांच्या मधे कुठेतरी पडतो. किंवा कीबोर्डच्या लांब स्वरावर लावलेला ट्रेमोलो पहिल्या कडव्यात ठेक्याशी जुळतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पार उलटा होतो. किंवा ऐकताना सगळे ठीक असते, आणि फाइल बाहेर काढली की इफेक्ट वेगळाच ऐकू येतो. तक्रारी तीन, पण निदान ठरलेले असते : 'प्लगइन खराब आहे.' मग दुसरे प्लगइन शोधले जाते, बसवले जाते, आणि तेही पहिल्यासारखेच वागते. गाणे देण्याची तारीख जवळ आलेली असते, म्हणून शेवटी इफेक्टच काढून टाकला जातो आणि गाणे आहे तसे, कोरडे, बाहेर पडते.

या पुस्तिकेतून मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. अशा बहुतेक वेळी प्लगइनमध्ये काहीही बिघडलेले नसते. त्याला सांगितलेला टेम्पो आणि वादकांनी वाजवलेली लय यांच्यात अंतर पडलेले असते. ते अंतर नेमके कुठे पडले हे सापडले की दुरुस्ती जवळजवळ झालीच.

प्लगइनला काय कळते

डिले, ट्रेमोलो, ऑटो-पॅन, फेझर, ठेक्यावर उघडणारे-मिटणारे गेट, अशा अनेक इफेक्टवर 'सिंक' नावाचे एक बटण असते. ते चालू केले की वेळ मिलिसेकंदांत न मागता मात्रेच्या हिशोबात मागितली जाते : पाव नोट, आठवा भाग, सोळावा भाग. वापरणाऱ्याला वाटते, आता हे गाण्याच्या लयीत चालेल. इथेच गैरसमजाला सुरुवात होते. प्लगइनपर्यंत गाण्याचा आवाज पोचतो, पण त्यातली लय त्याला कळत नाही. आवाज त्याच्याकडे लहान लहान तुकड्यांत येतो, आणि सोबत होस्टकडून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरकडून, थोडी माहिती मिळते : टेम्पो किती, टाइम सिग्नेचर कोणते, गाणे चालू आहे की थांबले आहे, आणि सुरुवातीपासून आपण किती मात्रा पुढे आलो आहोत. बंद खोलीत बसलेल्या माणसाला कुणी चिठ्ठीवर आकडा लिहून द्यावा आणि त्याने त्या आकड्याप्रमाणे टाळी देत राहावे, तसे हे काम चालते. बाहेर ढोलकीवाला कितीही रंगून वाजवत असला तरी आतली टाळी चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणेच पडणार.

यामागचे गणित शाळकरी आहे. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात, त्यांना टेम्पोने भागायचे. टेम्पो १२० असेल तर एक पाव नोट ५०० मिलिसेकंदांची, ९६ असेल तर ६२५ मिलिसेकंदांची. नवे प्रोजेक्ट उघडले की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो आपोआप १२० असतो. मंडळी आली, क्लिक न लावता थेट रेकॉर्डिंग झाले, लय होती ९६ ची. रेकॉर्डिंगमध्ये कुठेही दोष नाही, कारण आवाजाला टेम्पोच्या आकड्याशी काही देणेघेणे नसते. मग डिले लावला की तो ६२५ ऐवजी ५०० मिलिसेकंदांनी परततो, म्हणजे थापेच्या १२५ मिलिसेकंद आधी. एवढे अंतर कुणाच्याही कानाला खटकते. उपाय मात्र एक आकडा बदलण्याचा आहे.

तो आकडा बदलण्यापूर्वी एक काळजी घ्यायलाच हवी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेला ट्रॅक एकतर घड्याळाच्या वेळेला बांधलेला असतो किंवा मात्रांना. मात्रांना बांधलेला असेल तर टेम्पो १२० वरून ९६ वर आणताच रेकॉर्डिंग ताणले जाते किंवा त्याचे तुकडे जागचे हलतात. म्हणून आधी सगळे ट्रॅक वेळेला बांधून घ्यावेत, आणि मगच टेम्पोला हात लावावा. एवढे केले नाही तर चांगले झालेले गायन हाताने बिघडवल्यासारखे होईल.

कानाकडून आकड्याकडे

इफेक्ट लयीशी जुळवण्याची गरज नवी नाही. १९५९ च्या सुमारास आलेला एकोप्लेक्स असो किंवा रोलंडचा १९७४ चा स्पेस एको आरई-२०१ असो, त्यांत चुंबकीय टेपची पट्टी फिरत असे. आवाज एका हेडने टेपवर चढायचा आणि पुढच्या हेडने परत ऐकू यायचा. दोन हेडमधले अंतर आणि टेपचा वेग यांवर इकोची वेळ ठरायची. वाजवणारा कान लावून बटण फिरवायचा, आणि लय हलली की त्याचा हातही हलायचा. आकडा मधे नव्हताच.

रेकॉर्डिंगही तसेच होत असे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळातल्या रेडिओच्या पद्धतीत गायक आणि साथीदार माइकसमोर एकत्र बसत. लय त्यांच्या आपसातल्या ऐकण्यातून ठरायची आणि गाणे पुढे जाईल तशी त्यांच्याबरोबर हलायची. कुणाच्याही कानात क्लिक नसे.

१९८३ साली मिडी आले आणि दोन यंत्रांना एकमेकांशी लयीची भाषा बोलता येऊ लागली. मिडीच्या घड्याळात एका पाव नोटेला २४ ठोके असतात. ते मोजून दुसरे यंत्र आपला वेग ठरवते. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणले, आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला होस्टकडून टेम्पो आणि गाण्यातली जागा विचारून घेण्याची सोय झाली. ॲपलचे ऑडिओ युनिट आणि ॲव्हिडचे एएएक्स यांतही अशीच व्यवस्था आहे. सोय मोठीच होती. एकदा टेम्पो भरला की दहा ट्रॅकवरचे दहा डिले आपोआप जुळतात. पण त्या सोयीबरोबर कानाचे काम आकड्याकडे गेले. वेळ चुकली तर टेप इकोच्या बटणावरचा हात ती सावरून घेत असे. आता सावरणारा कुणी मधे नाही, म्हणून आकडा तपासण्याची शिस्त आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

तीन प्रश्न

सिंकची कुठलीही तक्रार आली की तीन प्रश्न क्रमाने विचारावेत असे मी सुचवतो : वेग चुकला आहे का, जागा चुकली आहे का, की उशीर होतो आहे? तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत, आणि त्या ओळखता आल्या तर अंदाजाने बटणे दाबत बसावे लागत नाही.

वेग चुकला असेल तर चूक प्रत्येक इकोगणिक वाढत जाते. वरच्या उदाहरणात पहिला इको १२५ मिलिसेकंद आधी येतो, दुसरा २५०, तिसरा ३७५. कारणे शोधताना सोप्यापासून सुरुवात करावी. सिंकचे बटण खरोखर चालू आहे ना? तयार प्रीसेट उचलला की त्यासोबत बंद असलेले सिंकही येऊ शकते. प्रोजेक्टचा टेम्पो गाण्याचाच आहे ना? कीबोर्डची रिदम वापरली असेल तर कीबोर्डच्या पडद्यावरचा टेम्पो आणि प्रोजेक्टचा टेम्पो एकच आहे ना? जुने ३२ बिटचे प्लगइन एखाद्या 'ब्रिज'च्या पुलावरून ६४ बिटच्या होस्टमध्ये चालवले जात असेल, तर टेम्पोची माहिती त्या पुलावर अडू शकते. शेवटी, डिलेची कमाल मर्यादा पाहावी. ६० च्या टेम्पोत चार मात्रांचा डिले मागितला तर ४ सेकंदांची साठवण लागते. प्लगइनची क्षमता २ सेकंदांचीच असेल तर ते मुकाट्याने २ सेकंदांवर थांबते किंवा वेळ निम्मी करते. द्रुत गाण्यात कधी न दिसलेला हा दोष विलंबित लयीत दिसतो तो यामुळे.

जागेची चूक अधिक फसवी असते. टेम्पो बरोबर असतो, पण सम ग्रिडच्या रेषेवर नसते. रेकॉर्डिंग सुरू झाले, मंडळींनी थोडा वेळ घेतला, कुणी खाकरले, मग गाणे उठले. पहिली सम दोन रेषांच्या मधे कुठेतरी पडली. डिलेला याचा फरक पडत नाही, कारण त्याला फक्त आवाजानंतर किती वेळाने परतायचे एवढेच ठाऊक असायला लागते. पण ट्रेमोलो, ऑटो-पॅन, गेट यांना आवर्तनात आपण कुठे आहोत हे ठाऊक असावे लागते. ते ग्रिडच्या रेषेला सम मानतात आणि अवेळी उघडतात. पहिली सम रेषेवर आणून बसवली की हा दोष जातो.

याच प्रकारातला दुसरा दोष हळूहळू वाढणारा आहे. समजा गाण्याची खरी लय ९६.३ आहे आणि आपण ९६ भरले. डिलेच्या दृष्टीने हा फरक सुमारे २ मिलिसेकंदांचा, कुणालाही ऐकू न येणारा. पण चार मिनिटांत ग्रिडवर ३८४ मात्रा मोजल्या जातात आणि गाण्यात ३८५ पेक्षा जास्त होऊन गेलेल्या असतात. म्हणजे शेवटच्या कडव्यात गेट एका मात्रेहून अधिक मागे पडलेले असते. डिले ठीक आणि ट्रेमोलो बिघडलेला, किंवा पहिले कडवे ठीक आणि शेवटचे बिघडलेले, असे दिसले की जागेचा प्रश्न विचारावा आणि टेम्पोच्या दशांशापर्यंत जावे.

उशिराची खूण अशी की चूक पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते आणि टेम्पो बदलला तरी बदलत नाही. काही प्लगइनना काम करायला वेळ लागतो. पुढचा आवाज आधी पाहून दाबणारा लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्वलायझर ही नेहमीची उदाहरणे. ४८,००० च्या सॅम्पल रेटला ४,०९६ सॅम्पलचा उशीर म्हणजे सुमारे ८५ मिलिसेकंद. प्लगइन आपला उशीर होस्टला कळवते आणि होस्ट बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ओढून सगळ्यांना एका रेषेत आणते. ही भरपाई बंद असेल, प्लगइनने आकडा चुकीचा कळवला असेल किंवा दर्जाची सेटिंग बदलल्याने उशीर मधेच वाढला असेल, तर तो ट्रॅक घसरतो. काही होस्टमध्ये आणखी एक गुंता होतो. उशीर करणाऱ्या प्लगइनच्या मागे गेट लावले तर आवाज उशिरा पोचतो, पण जागेची माहिती वेळेवर पोचते, आणि गेट आवाजाआधीच उघडते. सिंकचे इफेक्ट साखळीत आधी आणि जड प्लगइन नंतर, असा क्रम ठेवला की हा त्रास बराचसा टळतो.

मात्रेचा हिशोब

आपल्याकडच्या अडचणींतला एक मोठा वाटा सॉफ्टवेअरच्या परदेशी पुस्तिकांत सापडत नाही, कारण तो आपल्या तालांतून येतो. बहुतेक होस्ट टेम्पो पाव नोटेत मोजतात. आपला वादक मात्रेत मोजतो. त्याची एक मात्रा म्हणजे होस्टची पाव नोट की आठवा भाग, हे आधी ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

केरव्याच्या आठ मात्रा आहेत. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच. ढोलकीवाला प्रत्येक मात्रा मोजून मिनिटाला १६० सांगेल, कीबोर्डवाला त्याच गाण्याला ८० म्हणेल. दोघेही बरोबर आहेत. पण प्रोजेक्टमध्ये १६० भरून डिले मात्र ८० च्या हिशोबाने आठव्या भागावर ठेवला, तर इको दुप्पट घाईने येतील.

दादऱ्यात गफलत आणखी सहज होते. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. ऐकणाऱ्याचा पाय आवर्तनात दोनदा पडतो. पाय मिनिटाला ८० वेळा पडत असेल तर मात्रा मिनिटाला २४० होतात. प्रोजेक्टमध्ये सहा-आठ घेऊन प्रत्येक मात्रा आठवा भाग धरली, तर मिनिटाला १२० पाव नोटा होतात. पाव नोटेत मोजणाऱ्या होस्टमध्ये टेम्पो १२० भरायला हवा. पायाचा ठोका बघून ८० भरले की सगळे इफेक्ट दीडपट संथ होतात. इको लयीच्या जवळपास येतो पण कधीच बसत नाही, अशी तक्रार दादऱ्याच्या गाण्यात आली तर सर्वांत आधी हे तपासावे.

रूपकाच्या सात मात्रांत आणखी वेगळा प्रश्न येतो. प्रोजेक्ट चार-चारमध्येच राहिले आणि ऑटो-पॅनला 'एक बार' असे सांगितले, तर तो दर चार मात्रांनी पहिल्या जागी परतेल. समेशी त्याची गाठ २८ मात्रांनी एकदा पडेल. टाइम सिग्नेचर बरोबर भरले तरीही सावध राहावे, कारण कित्येक प्लगइन 'एक बार' म्हणजे सरळ चार पाव नोटा असेच धरून चालतात. अशा वेळी इफेक्टची फेरी हाताने सात मात्रांची करावी, किंवा सिंक बंद करून ऑटोमेशनने समेवर पुन्हा सुरू करावी. यात कमीपणा काही नाही. तालाला इफेक्टच्या चौकटीत कोंबण्यापेक्षा इफेक्टला तालामागे चालवणे केव्हाही चांगले.

चढत जाणारी लय

आता या पुस्तिकेच्या गाभ्याकडे येतो. खंजिरी भजन एका लयीत सुरू होते आणि शेवटाकडे चढते. ताजबागच्या दरबारातली कव्वाली चढते. जलशाच्या परंपरेतून आलेले भीमगीत समूहाने धरले की चढते. हा चढ म्हणजे वादकांची चूक नव्हे. समूह गाण्यात शिरतो तेव्हा जे घडते ते त्या चढात ऐकू येते, आणि तो चढ काढला तर गाण्यातला माणसांचा सहभागच निघून जातो.

समजा भजन ९२ ला उठले आणि १०८ ला संपले. पाव नोट सुमारे ६५२ मिलिसेकंदांवरून ५५६ वर आली. प्रोजेक्टमध्ये १०० हा मधला आकडा भरला, तर इको सुरुवातीला लवकर येईल, शेवटी उशिरा येईल आणि मधे कुठेतरी क्षणभर जुळेल. यावर दोन सल्ले सर्रास दिले जातात. एक, मंडळींना हेडफोन देऊन क्लिकवर वाजवायला लावा. दोन, रेकॉर्डिंग कापून ताणून ग्रिडवर बसवा. नव्याने बांधलेल्या गाण्यात, विशेषतः प्रोग्रॅम केलेल्या रिदमवर, क्लिक उपयोगाचा आहे आणि तो जरूर वापरावा. पण वर्षानुवर्षे एकमेकांच्या श्वासावर वाजवणाऱ्या मंडळाला क्लिकवर बांधणे मला मान्य नाही. यंत्राला गाण्यामागे जाण्याची सोय असताना गाण्याने यंत्रामागे का जावे?

ती सोय म्हणजे टेम्पो मॅप. गाणे वाजले तसे ठेवायचे आणि प्रोजेक्टचा टेम्पो जागोजागी बदलून ग्रिडच्या रेषा समेवर आणायच्या. रिपरमध्ये टेम्पो मार्कर आहेत, क्यूबेसमध्ये टेम्पो डिटेक्शन आहे, लॉजिकमध्ये २०१८ पासून स्मार्ट टेम्पो आहे. आपोआप ओळखण्याच्या सोयींवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. ढोलकीच्या दोन्ही पुडांवरचे भरगच्च बोल ऐकून यंत्र कधी दुप्पट लय धरते, कधी निम्मी, आणि लग्गी सुरू झाली की पुरते गोंधळते. तालाची जाण असलेल्या माणसाने ऐकत ऐकत समेवर खूण करत जाणे हीच खात्रीची रीत आहे. हे काम नवख्यालाही जमते, मात्र ताल ओळखता आला पाहिजे. म्हणूनच ज्याने थोडाफार तबला किंवा ढोलकी हाताळली आहे तो रेकॉर्डिस्ट या कामात पुढे असतो.

खुणा किती दाट असाव्यात यालाही तारतम्य लागते. टेम्पो बदलला की डिलेच्या आत साठलेल्या आवाजाचे काय करायचे हे प्रत्येक प्लगइन आपल्या परीने ठरवते. काही जुन्या टेपसारखे सूर घसरवतात, काही बारीक खडखड करतात, काही जुना आणि नवा इको एकमेकांत मिसळून घेतात. प्रत्येक मात्रेवर मार्कर ठेवला तर लांब चालणाऱ्या इकोचा सूर सतत थरथरतो. म्हणून आवर्तनागणिक, किंवा लय संथपणे चढत असेल तर कडव्यागणिक एक खूण पुरेशी होते.

खोली, ऊन आणि मशीन

सगळे आकडे बरोबर असूनही सिंक गेल्यासारखे वाटते, अशी काही कारणे उरतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. माइक चालू असताना कूलर आणि पंखा बंद करावा लागतो. खोली तापते, लॅपटॉप तापतो आणि जळू नये म्हणून प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. मग आवाजाचे तुकडे वेळेत तयार होत नाहीत, टकटक ऐकू येते, आणि रेकॉर्डिंग चालू असताना असा तुकडा गळला तर पुढचा सगळा ट्रॅक तेवढा पुढे सरकू शकतो. हा टेम्पोचा दोष नाही. मिक्सिंगच्या वेळी बफर वाढवावा, न लागणारे ट्रॅक फ्रीझ करावेत, आणि उन्हाळ्यात गायन शक्यतो सकाळी उरकावे.

दुसरे कारण सॅम्पल रेटचे. ४८,००० वर झालेले रेकॉर्डिंग रूपांतर न करता ४४,१०० च्या हिशोबाने वाजले, तर ते सुमारे ८ टक्के संथ चालते. ९६ ची लय ८८.२ होते आणि पेटीच्या जवळपास दीड पट्टीएवढा सूर उतरतो. लय आणि सूर दोन्ही एकदम उतरले आहेत असे दिसले की टेम्पोला हात न लावता सॅम्पल रेट पाहावा.

तिसरे कारण एक्स्पोर्टचे. फाइल बाहेर काढताना होस्ट घड्याळापेक्षा वेगाने काम करतो. जे इफेक्ट गाण्यातल्या जागेला बांधलेले नसून स्वतःच्या मर्जीने फिरत असतात, ते दर वेळी वेगळ्या जागी सुरू होतात. इफेक्टची फेरी गाण्याच्या सुरुवातीला बांधावी. तरीही फरक राहिला तर घड्याळाच्या वेगाने एक्स्पोर्ट करावे, किंवा इफेक्ट मनासारखा लागला की तो वेगळ्या ट्रॅकवर ध्वनी म्हणून छापून ठेवावा. ज्या गाण्याचे काम वर्षभराने पुन्हा उघडण्याची शक्यता आहे, त्याच्यासाठी ही सवय फार मोलाची ठरते.

पुस्तिकेची मांडणी

पहिल्या भागात एकच चाचणी शिकवली आहे, आणि पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नवे प्रोजेक्ट उघडा. बारच्या पहिल्या मात्रेवर काठीचा एक कोरडा ठोका ठेवा. त्यावर पाव नोटेचा डिले लावा, मूळ आवाज बंद करा, फीडबॅक थोडा वाढवा आणि फाइल बाहेर काढा. ती पुन्हा आत आणून ठोके ग्रिडच्या रेषांवर पडतात का ते डोळ्यांनी पाहा. पडत असतील तर प्लगइन निर्दोष आहे, आणि शोध मूळ प्रोजेक्टमध्ये घ्यायचा आहे. पडत नसतील तर पहिला, दुसरा आणि तिसरा ठोका किती चुकतो यावरून वेग चुकला आहे की उशीर होतो आहे ते कळते. काही मिनिटांची ही चाचणी कित्येक रात्रींचा मनस्ताप वाचवते.

दुसरा भाग या तीन प्रश्नांचा, कारणे आणि उपायांसह. तिसऱ्या भागात दादरा, केरवा, भजनी ठेका, रूपक आणि झपताल यांचे टेम्पो कसे भरायचे याची कोष्टके आहेत. चौथा भाग पूर्णपणे टेम्पो मॅपला दिला आहे, आणि तो सर्वांत मोठा आहे. सॉफ्टवेअरच्या मेन्यूंची नावे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ती शेवटच्या परिशिष्टात ठेवली आहेत. तत्त्व कळले की मेन्यू शोधता येतो, पण मेन्यू पाठ करून तत्त्व कळत नाही.

वाचकाने पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलीच पाहिजे असे नाही. गाणे अडले असेल तर चाचणी करावी आणि थेट त्या प्रश्नाच्या पानावर जावे. मात्र एक सवय आजपासूनच लावून घ्यावी. मंडळी वाजवायला बसली की रेकॉर्डिंगच्या आधी एकदा त्यांच्याबरोबर टाळी धरावी, ताल कोणता, मात्रा कशी मोजली, लय कुठे उठली आणि कुठे चढते हे कागदावर लिहावे, आणि तो कागद प्रोजेक्टबरोबर जपून ठेवावा. दुसरा कुणी ते काम पुढे उचलेल तेव्हा त्याला याच नोंदीचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

ज्या वादकांनी आपली लय मोजू दिली, एकेक ठेका पुन्हा पुन्हा वाजवून दाखवला आणि माझ्या आकड्यांतल्या शंका बोलून दाखवल्या, त्यांचा मी ऋणी आहे. विदर्भातले हे संगीत आता वडसा किंवा मोझरीच्या मांडवापुरते राहिलेले नाही. लहान खोल्यांतून निघालेली ही गाणी फोनवरून जगभर ऐकली जातात, आणि ऐकणाऱ्याला खोलीचा आकार दिसत नाही, त्याला फक्त काम ऐकू येते. ते काम नेटके व्हावे आणि तरीही ढोलकीवाल्याची लय ढोलकीवाल्याचीच राहावी, यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. ज्या तालाची किंवा ज्या अडचणीची नोंद इथे सापडणार नाही ती वाचकांनी कळवावी. पुढच्या आवृत्तीत तिला जागा मिळेल.

नागपूर